कारवीच्या दोन काड्या

आबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. तुम्ही होतात तेव्हाही आपण एकमेकांना कधी पत्र लिहिलं नाही. एकाच घरात राहणारी माणसं पत्र कशाला लिहितील? शिवाय तुमचं वाचन स्टेशनच्या पाट्यांपुरतं. तरी आज लिहायला बसले आहे, कारण जे सांगायचं आहे ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही. आणि सुरुवात थेट जर्मनीपासून करावी लागते आहे, त्याला माझा इलाज नाही.

तळेगावच्या ज्या कारखान्यात मी बावीस वर्षं काम करते, त्याचं थोरलं भावंड जर्मनीत आहे. मी क्वालिटीला आहे. म्हणजे दिवसभर मापं घ्यायची, भाग मापात बसला तर पुढे सोडायचा, नाही बसला तर बाजूला काढायचा, आणि तो कुणी केला त्याच्या शिव्या खायच्या. नवं मापयंत्र येणार होतं, ते शिकायला आम्हा तिघांना तीन आठवड्यांसाठी तिकडे पाठवलं. मी, आणि माझ्या हाताखालचे दोन तरुण इंजिनिअर, दोघेही पुण्याचे, मला ‘मॅडम मॅडम’ करणारे. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पहिल्यांदा विमानात बसले. त्या गावाचं नाव सांगत नाही. मलाच ते तिसऱ्या दिवशी म्हणता आलं, तुमच्या तोंडात तर बसणारच नाही.

जायच्या आधीच्या रविवारी भाज्याला, आपल्या घरी गेले होते. आक्का आता लेण्यांच्या पायऱ्यांखाली चहाचं दुकान चालवते. चहा, ताक, सरबत, पावसाळ्यात कणसं. मी गोठ्याच्या नव्या कुडातून कारवीची एक काडी ओढून काढली, कोयता घेतला आणि तिला म्हटलं, टाच भिंतीला लाव, माप घ्यायचंय.

“आता गं कशाला? लोनावळ्यात काय बुटं मिळत न्हाईत?” ती म्हणाली.

“जर्मनीहून आणते. तिकडे चांगले मिळतात.”

“तितं काय माज्या मापाची मान्सं हायत व्हय?” असं म्हणून हसली, पण पाय ठेवला. उजवा ठेवला, मग डावा ठेवला. दोन काड्या झाल्या, एक थोरली, एक धाकटी, तुम्ही म्हणायचात तशा.

तुमची ती पद्धत मला इतकी सवयीची होती की जगात सगळीकडे चपला अशाच घेतात असं मला बरीच वर्षं वाटत होतं. आक्काला लहानपणी पोलिओ झाला, डावा पाय मागे राहिला, उजव्याहून दोन नंबरांनी लहान. तुम्ही दर वर्षी मे महिन्यात तिचे दोन्ही पाय भिंतीला लावायचात, अंगठ्यापुढे कोयता टेकवायचात आणि तेवढीच काडी तोडायचात. अंगठ्याकडच्या टोकाला तिरपा काप, टाचेकडे सरळ. लोक सुतळीनं माप नेतात, तुम्हाला ते पटायचं नाही. “सुतळी वढली की लांबती, भिजली की आखडती. काडी खोटं बोलत न्हाई,” म्हणायचात. मग त्या दोन काड्या टोपीत खोवून लोणावळ्याला, बंगल्याच्या बागेतलं काम संपलं की बाजारातल्या दुकानात, आणि एकसारखे दोन जोड घेऊन परत. एक मोठ्या नंबराचा, एक लहान. प्रत्येक जोडातला एकेक बूट आक्काच्या पायात, आणि उरलेले दोन पोत्यात घालून माळ्यावर. आई असताना ती कुरकुर करायची, हा पसारा कशाला. तुम्ही म्हणायचात, “कुटं ना कुटं कुनाचा तरी उलटा जोड आसंल. आला कवा तर काय देणार त्याला?” आला नाही कुणी. पोतं अजून माळ्यावर आहे.

आई गेली तेव्हा मी तिसरीत होते. त्यानंतर माझी वेणी आक्कानं घातली, भाकरी तिनं केली, माझ्या शाळेच्या दप्तराला ठिगळ तिनं लावलं. स्वतःची दहावी तिनं चुलीपुढे बसून दिली. हे तुम्हाला माहीत आहे; मी मला ऐकू यावं म्हणून लिहिते आहे.

भाज्याहून तळेगावला घरी आले आणि कपाटातून कंपासपेटी काढली. सातवी पास झाल्यावर तुम्ही मला दिलेली, पत्र्याची, पिवळी. तिच्या तळाच्या कागदाखाली एक काडी आहे. तेहेतीस वर्षांपूर्वी तुम्ही तोडलेली, आक्काच्या डाव्या पायाची. मी नव्या धाकट्या काडीशेजारी ती ठेवली आणि कॅलिपर लावला, सवयच ती. तांदळाच्या दाण्याच्या जाडीएवढासुद्धा फरक नव्हता. मग नवी घरात ठेवली आणि जुनी बॅगेत घातली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

ती काडी हरवली नव्हती, आबा. ‘गाडीतून उतरताना पडली’ असं मी तुम्हाला सांगितलं ते खोटं होतं.

आता तो दिवस. तुम्ही टायफॉइडनं अंथरुणाला खिळलेले. आक्काला लोणावळ्याच्या एका संस्थेत बालवाडीच्या बाईंच्या शिक्षणवर्गात जागा मिळालेली, सोमवारपासून वर्ग सुरू. गावातली पहिली मुलगी. रोज मळवली स्टेशनापर्यंत चालत जायचं, पुढे गाडी, पुन्हा चालणं. जुन्या चपलांचे अंगठे तुटलेले आणि आक्काला तुमचं अंथरूण सोडून जाता येईना. म्हणून तुम्ही पडल्यापडल्या काड्या तोडल्यात आणि मला पाठवलंत. मी चौदा वर्षांची. दुकानात शिरले तर आत माझ्या वर्गातल्या तिघी, आणि त्यांच्यातल्या एकीची आई. लोणावळ्याच्या बंगल्यांकडच्या पोरी. त्या मला शाळेत बऱ्यापैकी धरून होत्या, कारण माझं गणित चांगलं होतं. दुकानदार ओळखीचा. तो म्हणाला, “आण गं, काड्या आण.” मी पिशवीत हात घातला आणि एकच काडी काढली. थोरली. तो म्हणाला, “आज एकच?” मी म्हटलं, “हो, एकच.” एक जोड घेतला, उरलेले पैसे तुम्हाला तसेच आणून दिले, आणि काडी पडल्याचं सांगितलं.

तुम्ही माझ्यावर ओरडलात. आयुष्यात दोनदा ओरडलात, त्यातली ही दुसरी वेळ. “पाऊल टाकायचं ते ध्येनात ठिवून टाकावं. तुजं ध्येन कुटं असतंय?” एवढंच. मग लगेच, “जाऊ दे, मी उटलो की घेऊ.” आक्कानं डाव्या बुटात चिंधी कोंबली आणि म्हणाली, चालतंय की. पाचव्या दिवशी टाचेला फोड आला, फुटला. त्या पायात रक्त नीट फिरत नाही, तिथली जखम भरता भरत नाही, हे आपल्या घरात मला सोडून सगळ्यांना कळत होतं. की मलाही कळत होतं? दीड महिना ती घरात. तोवर तिचं नाव वर्गातून काढलं आणि जागा दुसरीला दिली. तुम्ही उठून बसायला लागलात तेव्हा पहिलं वाक्य बोललात ते मला पाठ आहे: “ताप घिऊन का व्हईना, मी सोता जायला पायजे व्हतं.” पुढची चौदा वर्षं, मरेपर्यंत, अधूनमधून हेच म्हणत राहिलात. मी दर वेळी तिथून उठून जायची.

तर जर्मनी. तिसऱ्या शनिवारी सुट्टी होती आणि तोच शेवटचा मोकळा दिवस होता. तिकडे रविवारी बाजारात कुत्रंसुद्धा फिरकत नाही, दुकानं झाडून बंद. म्हणजे जे काही घ्यायचं ते शनिवारीच. माझ्या हाताखालचे दोघे पोरगे त्यांच्या खरेदीला निघून गेले आणि मी माझी. पिशवीत पाण्याची बाटली, इथून नेलेल्या दशम्यांतल्या शेवटच्या दोन, लसणाची चटणी आणि रुमालात गुंडाळलेल्या दोन काड्या. या काड्यांनी मुंबईच्या विमानतळावर आधीच माझी परीक्षा घेतली होती. यंत्रातून पिशवी गेली आणि तिथल्या माणसानं काड्या हातात धरून विचारलं, “ये क्या है मॅडम, पूजा का सामान?” मी म्हटलं, हो. त्यानं अदबीनं परत दिल्या.

चपलांचं दुकान मी फोनवर आधीच शोधून ठेवलं होतं. मोठ्या चर्चच्या मागच्या गल्लीत, जुनं, काचेत रुंद तोंडाचे मऊ बूट मांडलेले. दहाच्या सुमाराला मी तिथे डोकावून आले. दुकान चांगलं वाटलं. पण तुम्हीच शिकवलं आहे, पहिल्या दुकानात घेऊ नये, आधी बाजार फिरून बघावा. म्हणून बाजार फिरायला निघाले.

चर्चसमोरच्या चौकात शनिवारचा भाजीबाजार भरतो. तुम्ही तिथे असतात तर तुमचा पाय निघाला नसता. दगडी फरशी धुतल्यासारखी स्वच्छ, छत्र्या लावलेल्या, आणि सगळी भाजी ओळीनं मांडलेली. त्या दिवसांत तिकडे पांढऱ्या शतावरीचा हंगाम असतो. आपल्या डोंगरात शतावरी औषधापुरती, तिकडे तिचे कोंब भाजी म्हणून खातात. जाड कोंबांची जुडी वेगळी, बारीक कोंबांची वेगळी, एका जुडीतला एक कोंब काही दुसऱ्याहून जाड सापडेल तर शपथ. मी मनातल्या मनात चारपाच जुड्या तपासल्या, सगळ्या पास. विकणारी बाई माझ्याकडे संशयानं बघायला लागली तशी मी स्ट्रॉबेरी घेतल्या. ती काहीतरी बोलली, मी मान हलवली, तिनं वर दोन जास्तीच्या टाकल्या. म्हटलं, चला, वरचं देण्याची रीत इथेही आहे. एकदम लोणावळा स्टेशनबाहेर करवंदांचे द्रोण घेऊन बसणाऱ्या बाया आठवल्या. एक द्रोण आक्काला, एक मला, आणि तुम्ही नुसतं बघायचात.

मग नुसतीच चालत राहिले. तिकडे माणसं रस्ता ओलांडायला लाल दिव्यापुढे उभी राहतात, दोन्ही बाजूंना गाडी नसली तरी. एक म्हातारे आजोबा चाकांची पिशवी घेऊन उभे, मी त्यांच्याशेजारी उभी, रस्ता मोकळा. मी एक पाऊल टाकलं, आणि त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी ते पाऊल मागे घेतलं. एका घराच्या पायरीवर खोकं ठेवलेलं होतं, त्यात कप, पुस्तकं, लहान मुलाचे बूट, वर चिठ्ठी. फोननं वाचून दाखवली, ‘ज्याला हवं त्यानं न्यावं.’ बूट मी उगाचच हातात घेऊन बघितले. दोन्ही एकाच मापाचे होते.

नदीकाठी बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. वाळल्या होत्या, पण चटणीनं गेल्या घशाखाली. पलीकडे एक नौका लोकांना घेऊन चालली होती, कुणीतरी हात हलवला, मीही हलवला. मग डिपार्टमेंटसाठी चॉकलेटं घेतली, फ्रिजला चिकटवायची चित्रं घेतली, एक टॉवेल घेतला जो इथेही मिळाला असता. ट्राममध्ये बसून एकदा उलट दिशेला गेले आणि परत आले. चूक होती असं मी त्या वेळी मानलं.

आणि एक दुकान लागलं, बागकामाच्या अवजारांचं. खुरपी, दाताळी, पाण्याच्या झाऱ्या, आणि एका भिंतीवर नुसत्या छाटणीच्या कात्र्या. मी आत गेले आणि किती वेळ उभी होते मला माहीत नाही. बंगल्याच्या मालकानं दिलेली तुमची कात्री स्प्रिंगच्या जागी रबरानं बांधलेली होती, आठवतं? तिच्याच टोकानं तुम्ही मला एकदा गुलाबाचे वाफे आखायला लावले होते. मी नजरेनं अंदाज घेऊन रेघ मारली आणि तुम्ही पहिल्यांदा ओरडलात ते तेव्हा. “डोळ्यानं मापू नगं. डोळा लाडावल्याला असतो, त्याला पायजे तेच दावतो.” मी बावीस वर्षं नव्या पोरांना हेच सांगते, फक्त शुद्ध भाषेत. त्या दुकानात मी कलम करायचा एक चाकू घेतला, लाकडी मुठीचा, मिटवता येणारा. माझ्या घरी झाड म्हणाल तर कुंडीतला एक कढीपत्ता. चाकू कुणासाठी घेतला ते विचारू नका. मला तुमची फार आठवण आली, एवढंच.

साडेतीन वाजता चपलांच्या दुकानात परत आले. शनिवारी ते चारला बंद होतं. दुकानाची बाई माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी, गळ्यात साखळीला लटकलेला चष्मा, कमरेला मापाची पट्टी. मी इंग्रजीत म्हटलं, बहिणीसाठी हवेत. तिनं नंबर विचारला. मी रुमाल सोडला आणि दोन्ही काड्या काउंटरवर ठेवल्या. ती हसली नाही. चष्मा लावून तिनं त्या उचलल्या, शेजारीशेजारी धरल्या, आणि विचारलं, “दोन बहिणी?” मी म्हटलं, “एकच. दोन पाय.” तिनं मान डोलावली. मग कुठलं टोक अंगठ्याचं ते विचारलं; मी तिरपा काप दाखवला. ते तिला फार आवडलं. पाय मापायची धातूची पाटी काढून तिनं एकेक काडी तिच्यावर ठेवली, अगदी आमच्या प्रयोगशाळेत ठेवतात तशी टाच कडेला भिडवून, आणि आकडे कागदावर लिहिले. आतून एकसारखे दोन जोड आणले, एक मोठा, एक लहान. काड्या बुटांत घालून पुढे किती जागा राहते ते बोटानं दाबून बघितलं. आबा, तुमची मापं त्या बाईनं माझ्या डोळ्यांदेखत तपासली आणि पास केली.

दोन रंग होते, म्हणून आक्काला व्हिडिओ कॉल लावला. इथे संध्याकाळचे सात वाजलेले, ती चुलीपुढून उठून आली.

“ह्यो निळा कसला येडा रंग? तपकिरी घे, मळ दिसत न्हाई,” ती म्हणाली. मी फोन फिरवून तपकिरी जोड दाखवले. ती एकदम म्हणाली, “थांब. ती काडी दाव.”

“कुठली?”

“ती धाकटी. जवळ धर.”

मी धरली. काडी जुनी होऊन काळपट झाली आहे, नवी थोरली शेजारी पांढरी दिसते. दिवसभर कॅलिपर लावणारी मी, पण माझ्या हे डोक्यात आलं नव्हतं.

“ह्यो काप आबांच्या हातचा हाय,” ती म्हणाली. “कुटं घावली?”

“माझ्याकडेच होती, आक्का.”

“कवापास्नं?”

“तेव्हापासून.”

 “हितं रेंज न्हाई गं,” ती म्हणाली, आणि फोन बंद झाला. रेंज होती. तिच्यामागच्या भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटासुद्धा मला दिसत होता.

दुकानाच्या बाईनं पाणी आणून दिलं. मी दोन्ही जोड तपकिरी घेतले. उरणाऱ्या दोन बुटांकडे बोट करून ती म्हणाली, हवं तर इथे ठेवा, कुणी आलं तर देईन. क्षणभर वाटलं, तुम्ही म्हणायचात तो उलट्या जोडाचा माणूस कदाचित याच गावात असेल. पण नाही ठेवले. घरच्या पोत्यात एका सालाची जागा रिकामी राहिली होती, ती मला माहीत होती. चारही बूट घेऊन आले.

आक्कानं बुटांचं खोकं उघडलं नाही. पहिल्या रविवारी गेले तेव्हा ते फळीवर होतं, दुसऱ्या रविवारीही फळीवर. माझ्याशी बोलायची, चहा द्यायची, गिऱ्हाइकांशी हसायची, त्या विषयावर मात्र नाही. तिसऱ्या रविवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. ती भांडी घासत होती, मी विसळत होते.

“त्या दिशी दुकानात कोन व्हतं?” तिनं वर न बघता विचारलं.

“वर्गातल्या तिघी. आणि एकीची आई.”

“त्या मला वळखत व्हत्या?”

“नाही.”

“मंग?”

“मला ओळखत होत्या.”

ती पातेलं घासत राहिली. ते केव्हाच निघालं होतं. “मला वाटायचं पायापायी गेली शाळा,” ती म्हणाली. “तेहतीस वर्सं मी पायाला बोल लावला. आन आबांनी सोताला. आन तू कंपासपेटीत घालून बसलीस.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “माझं चुकलं,” मी म्हणाले. ती म्हणाली, “चुकलं तर चुकलंच की. ते काय मी सांगाय पायजे?”

शेवटचं पातेलं मी विसळून पालथं घातलं. मग तिनं हात पुसले.

“आन तितं? जर्मनीच्या दुकानात मान्सं व्हती का?”

“होती की. चार-पाच.”

“त्यांच्या म्होरं काडल्यास दोन्ही?”

“काढल्या.”

ती माझ्याकडे बघत राहिली. “आन मग ती बुटं हिकडं,” म्हणाली.

तिनं ते घातले आणि लेण्यांच्या पहिल्या पायरीपर्यंत जाऊन आली. लंगडणं आहे तसंच आहे, ते बुटानं थोडंच जाणार. पण डावी टाच बुटात सरकत नाही. तिनं दोनदा पाय आपटून खात्री करून घेतली. “बसलं,” म्हणाली. उरलेले दोन मी माळ्यावर चढून पोत्यात टाकले. खालून तिचा आवाज आला, “उंदरांचं बग गं वर!” त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलायला लागली आहे. ती विषय काढत नाही, मीही काढत नाही.

हा कागद घडी करून कंपासपेटीत ठेवणार आहे, दोन्ही काड्यांच्या खाली. दुसरीकडे कुठे पाठवायचा? फक्त एक राहिलं. सकाळी दहाला मी त्या दुकानात नुसती डोकावले नव्हते. चांगली आत गेले होते. आत माझे ते दोघे पोरगे होते, एक त्याच्या आईसाठी बूट बघत होता. “अरे मॅडम, तुम्ही पण? कुणासाठी?” म्हणाला. माझा हात पिशवीत होता, रुमालाच्या गाठीवर. मी म्हटलं, काही नाही रे, नुसतं बघतेय, आणि बाहेर पडले. ती शतावरी, ती नदी, ती उलट दिशेची ट्राम, सगळं त्यानंतरचं. दर तासाला मी त्या गल्लीच्या तोंडाशी येऊन जात होते. साडेतीनला काचेतून नीट बघितलं आणि मगच दार ढकललं. आक्काला मी चार-पाच माणसं सांगितली. दुकानात त्या बाईशिवाय कुणी नव्हतं, आबा.